रसिकांचा पंक्तिप्रपंच



ज्या सभागृहात मागच्या बाकावर बसून मी अनेक व्याख्याने ऐकली, आणि खरे सांगायचे तर काही व्याख्यानांत डुलक्याही घेतल्या, त्याच सभागृहात आज बोलण्याचा मान संस्थेने मला दिला. याबद्दल मी तिचा ऋणी आहे. माझ्यापूर्वी या मालेत विद्वान मंडळी बोलून गेली. मी विद्वान नाही. आयुष्यभर बँकेत आकडे लिहिले आणि संध्याकाळी गाणे ऐकले, एवढीच माझी पात्रता. आपल्याकडे म्हणतात, तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे. मी बेळगावातला एक साधा कानसेन आहे. तेव्हा आजचा विषय कानसेनांच्या जगातलाच घेतला आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. पण आमच्या पिढीला ते अधिक आठवतात ते सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पेटीमागे बसलेले. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर आणि नजर मात्र उशिरा येणाऱ्या मुलांवर. पेटी जुनी होती. तिची एक पट्टी दाबली की वर यायला वेळ लावी. गुरुजी ती अंगठ्याने हळूच उचलीत आणि गाणे पुढे चालू राही. त्या पेटीची आणि माझ्या एका अपराधाची गोष्ट मी आज सांगणार आहे.

१९६६ च्या सुमारास आम्ही पंधरा-सोळा जण दर शनिवारी रात्री एका कापड दुकानाच्या मागच्या खोलीत गाणे ऐकण्यासाठी जमू लागलो. मंडळाला नाव नव्हते, वर्गणी नव्हती, अध्यक्ष नव्हता. एकाकडे चावीचा ग्रामोफोन होता, दुसऱ्याकडे वडिलांनी जमविलेल्या तबकड्या होत्या. सतरंजी दुकानदाराची आणि चहा पाळीपाळीने. मंडळीत शिक्षक, कारकून, एक वैद्य, एक शिंपी आणि कॉलेजातली दोन मुले होती. निम्म्यांची मातृभाषा मराठी, निम्म्यांची कानडी. सुरुवातीचे वर्ष सोन्यासारखे गेले. ज्याला जे कळले ते तो सांगे, न कळले ते विचारी.

पुढे हळूहळू बसण्याच्या जागा ठरत गेल्या. ग्रामोफोनजवळची जागा जाणकारांची, दाराजवळची नवख्यांची. कोणत्या घराण्याचे गाणे 'खरे' आणि कोणते 'लोकांना आवडणारे', याचे निवाडे होऊ लागले. नाट्यपद लावा, असे कोणी म्हटले तर एखादा नुसता हसे. त्या हसण्याचा अर्थ सर्वांना कळे. आपल्याकडे पंगतीत माणूस पाहून वाढण्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात तुपाचा नुसता वास! आमच्या सतरंजीवर हा पंक्तिप्रपंच सुरू झाला होता, आणि वाढप्यांमध्ये वयाने लहान असूनही मी पुढे होतो. चार पुस्तके वाचलेली, दहा नावे पाठ झालेली. त्या वयात ज्ञानापेक्षा ज्ञानाचा तोरा लवकर येतो.

१९६७ साली एका शनिवारी मीच गुरुजींना तिथे घेऊन गेलो. ते दाराजवळ बसले. त्या रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी लागली. ती संपल्यावर कोणीच बोलेना. मग गुरुजींनी विचारले, "यातली ती खाली उतरणारी जागा पेटीवर घ्यायची झाली, तर कुठे थांबायचं?"

मी उत्तर दिले, "गुरुजी, हे गाणं पेटीवर बसणारं नाही. पेटी प्रार्थनेला ठीक आहे."

दोघे-तिघे हसले. गुरुजीही किंचित हसले. चहा घेऊन, सर्वांना नमस्कार करून ते गेले आणि पुन्हा आले नाहीत. मीही बरीच वर्षे तो प्रसंग अपमान म्हणून ओळखला नाही. आपण एक शास्त्रीय सत्य सांगितले, एवढेच मला वाटत होते.

येथे प्रश्न असा उभा राहतो की, मी जे बोललो ते खोटे होते काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी पेटीवरील वादाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. तो आपल्या छंदातला सर्वांत बोधप्रद वाद आहे असे मला वाटते.

हार्मोनियम हे वाद्य मुळात युरोपातले. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये या नावाने त्याचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला हातभात्याचे, मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले आणि ते बघता बघता देशभर पसरले. कीर्तनात, नाटकात, भजनी मंडळात, शाळेच्या प्रार्थनेत आणि शेवटी ख्यालाच्या संगतीलाही पेटी आली. आपल्या भागात तर तिने घरच केले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तिला प्रतिष्ठा दिली, आणि बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी अनेक दशके शिष्य घडविले.

जितका तिचा प्रसार झाला तितका विरोधही झाला. इंग्रज अभ्यासक फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९१४ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर कडक टीका केली. ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता केंद्राला तसे पत्र लिहिले. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली, तीही आधी संगतीपुरतीच. म्हणजे १९६७ मध्ये मी गुरुजींना ते उत्तर दिले तेव्हा माझ्या पाठीशी रेडिओ होता, गुरुदेव होते आणि ग्रंथही होते. अहंकाराला आधाराची कधीच वाण पडत नाही.

आता या वादाचे पदर वेगळे करून पाहू. पहिला पदर कानाचा. पेटीचे सूर ठरलेले असतात. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. शिवाय तिचे बारा सूर समान अंतरावर लावलेले असल्याने काही सूर तंबोऱ्याशी जुळत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि तो तपासता येतो.

दुसरा पदर परकेपणाचा. हे वाद्य आपले नाही, साहेबाचे आहे. हा आक्षेप तत्त्वाचा म्हणता येईल, पण व्हायोलिनही आपले नव्हते. दाक्षिणात्य संगीताने ते असे आत्मसात केले की त्याच्या परकेपणाची आज कोणाला आठवणही होत नाही.

तिसरा पदर मात्र कोणी उघडपणे बोलत नाही. पेटी स्वस्त, पेटी शिकायला सोपी, पेटी भजनी मंडळात आणि तमाशाच्या कनातीत वाजते. जे सर्वांना मिळते त्याला मान कसा द्यायचा? हा आक्षेप वाद्यावर नसून ते हाताळणाऱ्या माणसांवर आहे.

माझे म्हणणे असे की, हौशी माणसांच्या जगातले बहुतेक कडवट वाद या तीन पदरांच्या गुंत्यातून होतात. पहिल्या पदराचा निकाल कानाने लागतो, दुसऱ्याचा विचाराने. तिसऱ्याचा निकाल लागतच नाही, कारण तेथे प्रश्नच विचारलेला नसतो, केवळ जागा दाखविलेली असते. आणि हा तिसरा पदर नेहमी पहिल्याचे वस्त्र पांघरून येतो. मी गुरुजींना जे सांगितले त्याचे शब्द कानाच्या पदराचे होते, पण त्याची जात तिसऱ्या पदराची होती.

पहिला पदर ज्यांनी मनापासून हाती घेतला त्यांनी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय. सी. एस. न्यायाधीश क्लेमेंट्स हे दोघेही पेशाने गवई नव्हते. आपल्यासारखेच छांदिष्ट! पेटीचे सूर जुळत नाहीत, तर जुळणारी पेटी करून पाहू, असा त्यांनी विचार केला. श्रुती मोजल्या, हिशेब मांडले आणि बावीस श्रुतींचा हार्मोनियम इंग्लंडातून घडवून आणला. त्यांच्या सिद्धान्तावर कडाक्याचे वाद झाले, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेतही ते निघाले. देवलांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. परंतु त्या भांडणातून काही मोजले गेले, काही लिहिले गेले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली, तीही त्याच प्रश्नाची पुढची पायरी आहे. मतभेद खरा असला की त्यातून काम निघते.

बडोद्याची ती परिषद भरविणारे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे शिक्षणाने वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीतला हा हौशी माणूस देशभर हिंडला. ज्या उस्तादांनी चीजा कुलुपात ठेवल्या होत्या त्यांच्या दारांत जाऊन बसला. 'गाता येत नाही आणि शास्त्र सांगतो' अशी हेटाळणी त्यांच्या वाट्याला आली. त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ मराठीत लिहिला तो गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य शंका विचारतो आणि गुरू उत्तर देतो. शंकेला ग्रंथात जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. ग्वाल्हेरात १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय निघाले तेही त्यांच्याच प्रेरणेने. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, अशिक्षित कलावंतांविषयी त्यांच्याच लेखणीतून कठोर उद्गार निघाले आहेत. ज्याची हेटाळणी झाली तोही हेटाळणी करू शकतो. तोरा ही कोणा एका पक्षाची मिरास नाही.

आपल्याच मातीतले दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला आणि १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात माळव्यातील देवासला गेला. तेथून तो परत गाऊ लागला तेव्हा त्याचे गाणे पूर्वीचे राहिले नव्हते. माळव्याची लोकगीते त्यात आली, नवे राग आले, १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला. त्यावरून आमच्या सतरंजीवर जी रणे माजली ती मला आठवतात. एक पक्ष म्हणे, हे गाणेच नव्हे. दुसरा पक्ष म्हणे, ज्यांना हे कळत नाही ते जुनाट. दोन्ही पक्षांत रागाविषयी बोलणारे थोडे आणि एकमेकांविषयी बोलणारे फार. परंपरेचा जसा तोरा असतो तसा नवेपणाचाही असतो, हे मी तेथे शिकलो.

आणि ज्या शुद्धतेच्या नावाने आम्ही भांडत होतो ती तरी किती शुद्ध? मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांचे गाणे जयपूर-अत्रौली घराण्याचा मानदंड मानले जाते. त्यांची मातृभाषा कानडी. पहिली तालीम मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर पद्धतीची आणि नंतरची अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे. कानडी घरातला मुलगा, ग्वाल्हेरचा पाया, खाँसाहेबांची तालीम, व्रजभाषेतल्या चीजा आणि ऐकणारे आपण मराठी! दाराजवळ बसणाऱ्याला कोणीतरी आत बोलाविल्याशिवाय असे गाणे घडत नाही. आपण सीमेवर राहणारी माणसे आहोत. भाषेच्या भांडणाची झळ येथे घरोघर लागली आहे. तरीही आमच्या त्या खोलीत भाषेवरून कधी भांडण झाले नाही. भांडणे झाली ती घराण्यांवरून. माणसाला दुसऱ्यापेक्षा वर बसायचेच असले तर तो कोणतेही निमित्त शोधतो.

हाच तोरा सत्तेवर बसला की काय होते, त्याचेही उदाहरण देतो. १९५२ ते १९६२ या काळात डॉ. बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. अभिजात संगीतावर त्यांचे खरे प्रेम होते. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि खेड्यातल्या माणसाला मोठे गवई घरबसल्या ऐकायला मिळाले. हे ऋण आपण मानले पाहिजे. पण त्याचबरोबर चित्रपटगीतांना त्यांनी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केले. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. ज्यांची रुची घडवायची होती तेच उठून गेले. वाढपी कितीही शुचिर्भूत असो, पान मांडणाराच उठला तर वाढायचे कोणाला?

आमच्या मंडळाचेही तेच झाले. १९७१ पर्यंत पंधरांचे पाच राहिलो. शिंपी येईनासा झाला, कॉलेजातली मुले येईनाशी झाली. कोणी भांडून गेले नाही. भांडून जाणारा निदान कारण सांगून जातो. हे सारे चहा घेऊन, नमस्कार करून गेले. हौशी मंडळ भांडणाने मोडत नाही. कोणी काही विचारीनासे झाले की ते मोडते.

त्याच वर्षी रेडिओवर पेटी परत आल्याची बातमी वाचली आणि मला गुरुजी आठवले. एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. मनात क्षमा मागायची होती, पण शब्द जुळत नव्हते. म्हणून विचारले, "गुरुजी, त्या जागेवर पेटीत कुठे थांबायचं, हे सापडलं का?"

ते काही न बोलता उठले. भिंतीशी टेकलेला तंबोरा घेतला आणि पेटीच्या षड्जाला लावला. खर्जाची तार छेडून म्हणाले, "ऐक. यात गंधार ऐकू येतो?" थोडा वेळ लागला, पण ऐकू आला. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मग त्यांनी पेटीवर गंधाराची पट्टी दाबली. दोन्ही सूर एकत्र येताच हवेत लाटा उठल्यासारखी थरथर झाली.

गणिताच्या गुरुजींनी वहीचे पान ओढले. "षड्जाची कंपनं दोनशे चाळीस धर. तंबोऱ्याचा गंधार तीनशे. पेटीचा तीनशे दोनच्याही थोडा वर. तो चढा आहे. हे मला तुझ्या आधी वीस वर्षं माहीत आहे."

"मग तुम्ही वाजवता कशी?"

"म्हणून तर त्या पट्टीवर मी थांबत नाही. गवई गंधारावर थांबला की मी भाता सैल सोडतो, नाहीतर षड्जावर किंवा पंचमावर जाऊन बसतो. कुठे थांबायचं नाही ते कळलं, की मग संगत जमते. तेच तुम्हा मंडळींना विचारायला आलो होतो. तुमचे कान माझ्यापेक्षा तयार, असं मला वाटलं होतं."

मी मान खाली घातली. मग ते जे बोलले ते आजच्या माझ्या भाषणाचे सार आहे. ते म्हणाले, "अरे, तू बोललास ते खरंच होतं. पण ते मला कळावं म्हणून तू बोलला नव्हतास. बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून बोलला होतास."

मित्रहो, यानंतर मी पुष्कळ वाचले, पण मतभेद आणि तोरा यांतला फरक याहून स्पष्ट करून सांगणारे काही माझ्या वाचनात आले नाही. वाक्य तेच असते, माहिती तीच असते. ते कोणासाठी बोलले जाते, एवढ्यावर सारे ठरते. समोरच्याला कळावे म्हणून बोललेले कठोर वाक्यही तो सहन करतो, पुष्कळदा त्याचे स्वागत करतो. इतरांना दाखविण्यासाठी बोललेले सौम्य वाक्य मात्र माणसाला दाराबाहेर घालविते.

त्यानंतर आम्ही उरलेले पाच जण बसलो आणि मंडळाला काही रीती घालून घेतल्या. त्या कोठे लिहिल्या नाहीत, पण पुढे तीसएक वर्षे पाळल्या. त्यांतल्या चार येथे सांगतो. पहिली रीत अशी की, तबकडी दोनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचे नाही. पहिल्या ऐकण्यात आपण बहुधा आपले जुने मतच ऐकत असतो. दुसरी, सर्वांत नवा माणूस सर्वांत आधी बोलेल. जाणकार आधी बोलला की बाकीच्यांना फक्त मान डोलावणे उरते. तिसरी, वाद निघाला की तो कशाचा हे आधी ठरवायचे. स्वर लागला की नाही, हा वाद असेल तर पुन्हा तबकडी लावायची. आवडीचा वाद असेल तर दोघांनी आपापली आवड सांगायची आणि चहा घ्यायचा. आणि बोलणे गाण्याकडून माणसाकडे वळले की दुकानदाराने दिवा एकदा मालवून पुन्हा लावायचा. या शेवटच्या रीतीचा आम्हांला फार उपयोग झाला. दिवा मालवला की भांडणारेही हसत. चौथी रीत बसण्याची. जो आधी येईल तो ग्रामोफोनजवळ बसेल.

गुरुजी परत आले. तबकड्या ऐकताना ते पेटी मांडीशी घेऊन बसत. ती वाजवीत नसत, नुसत्या पट्ट्यांवर बोटे फिरवीत. शिंपीही परत आला. पण सारे गोड झाले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. आमच्यातले सर्वांत व्यासंगी गृहस्थ या रीतींनंतर वर्षभराने यायचे थांबले. ते म्हणाले, "येथे आता कोणीही काहीही बोलतो. यातून कानाला वळण लागत नाही." त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. नवख्यांच्या बोलण्यात पुष्कळ वेळ जाई, काही वेळा तो फुकटही जाई. दार उघडे ठेवण्याची किंमत द्यावी लागते आणि ती आम्ही दिली. त्यांच्यासारखा कान आम्हांला पुन्हा मिळाला नाही. ही खंत मला आजही आहे.

त्यांच्यामुळेच मला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागला. तोरा नको म्हणजे कसही नको काय? बेसूर गाण्याला बेसूर म्हणायचे नाही काय? म्हणायचे, जरूर म्हणायचे. सोनार कस लावतो तो सोन्याला, सोने घेऊन येणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या कपड्यांना नाही. आणि कसोटीचा दगड आधी आपल्या घरच्या सोन्यावर घासून पाहावा लागतो. ज्या गृहस्थांविषयी मी बोललो ते आपल्या आवडत्या गवयाच्याही चुका मोजून सांगत. म्हणून त्यांना मी कधीच तोरेबाज म्हणणार नाही. मी तोरेबाज होतो, कारण माझी कसोटी नेहमी दुसऱ्याच्या आवडीवर लागे.

आज काळ बदलला आहे. ज्या तबकडीसाठी आम्ही एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असू, ते गाणे आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. दुर्मिळ वस्तू जवळ असण्याचा तोरा त्यामुळे संपेल, असे मला वाटले होते. तो संपला नाही, त्याने रूप बदलले. आता ऐकण्याचे यंत्र किती भारी, हेडफोन कोणता, मूळ तबकडी ऐकली की फोनवर ऐकले, यावरून जागा ठरतात. आमच्या नातवंडांत डोंगर चढणारे आहेत, पक्षी पाहणारे आहेत. त्यांच्या गोष्टी ऐकतो तेव्हा तीच सतरंजी दिसते. महागडी दुर्बीण नसलेल्याने पाहिलेला पक्षी खरा धरायचा की नाही, यावर तेथे वाद होतात. पक्षी नीट ओळखला की नाही, हा प्रश्न योग्य आहे. तो दुर्बिणीची किंमत विचारून सुटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कोणता ना कोणता छंद धराल. त्यात चार दिवसांत तुम्हांला तुमच्यापेक्षा अधिक जाणणारे भेटतील आणि चार वर्षांत तुमच्यापेक्षा कमी जाणणारे भेटतील. पहिल्यांशी कसे वागायचे ते शाळा शिकविते. दुसऱ्यांशी कसे वागायचे ते आपले आपल्याला शिकावे लागते. मला ते शिकायला चार वर्षे लागली, आणि तेही ज्यांना दुखविले त्यांनीच शिकविले म्हणून.

गुरुजींनी त्या सकाळी हिशेब मांडला तो वहीचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर दोनच आकडे आहेत, तीनशे आणि तीनशे दोन. आज तो कागद मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मुख्याध्यापकांनी त्याचा स्वीकार करावा, अशी विनंती करतो.

यानंतर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम आहे असे मला सांगण्यात आले आहे. पुढच्या रांगेत अनेक जाणकार बसले आहेत आणि त्यांच्या शंका मार्मिकच असतील. परंतु आमच्या मंडळाच्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न दाराजवळ बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारावा, अशी अध्यक्षांनी अनुज्ञा द्यावी. गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून माझे भाषण संपवितो.